टेबलाखाली कोणता राऊटर टांगावा?

राऊटर म्हणजे बिट, अर्थात कापणारे पाते, वेगाने फिरवून लाकडात खोबणी आणि कडा पाडणारे सुतारी यंत्र. हातात धरून वापरायला सुरेख वाटणारा राऊटर टेबलाखाली, बिट वर येईल असा, उलटा टांगला की त्याचे वागणे बदलते. उंची वाढवायला खाली वाकावे लागते, बिट बदलायला पाना पोचत नाही, स्विच चाचपडत शोधावा लागतो आणि भुसा वरून पडतो. दुकानात सगळे आधी वॅट विचारतात. टेबलासाठी मात्र वॅट हा चौथा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, कोलेटचा (बिट पकडणाऱ्या नळीचा) नट टेबलाच्या वर येतो का. दुसरा, उंची बारीक बारीक वाढवता येते का आणि लावलेली उंची टिकते का. तिसरा, वेग कमी करता येतो का. या तिन्हींची उत्तरे मनासारखी आली की मग वॅट आणि किंमत बघावी.

आधी काम ठरवा

देव्हाऱ्याच्या किंवा चौरंगाच्या कडेला गोलाई, फोटोफ्रेमला मागून रिबेट (कडेची पायरीसारखी खाच), ड्रॉवरच्या तळासाठी ६ मि.मी.ची खोबण, टेम्प्लेटवरून प्लायचे चार तुकडे एकसारखे करणे, एवढेच काम असेल तर लहान यंत्रावर भागते. सागवानी शटर (कपाटाची दारे) करायची असतील, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्यांना एकमेकांत बसणारे सांधे आणि मधल्या फळीला चारही बाजूंनी उतार, तर मोठे यंत्र लागते. पट्ट्यांच्या सांध्याचे बिट साधारण ४० मि.मी. व्यासाचे असते आणि उताराचे आडवे बिट ८० मि.मी.च्या आसपास जाते. एवढे मोठे बिट हातात धरलेल्या राऊटरला लावायचेच नसते. टेबल बांधण्याचे खरे कारण तेच.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात.

पहिली ट्रिमर. ५०० ते ७०० वॅट, ६ मि.मी. कोलेट, बहुतेकांचा वेग एकच आणि तो मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या आसपास. सनमायकाची कड मारायला प्रत्येक सुताराच्या पेटीत असतो तोच. बॉश जीकेएफ ५५० (५५० वॅट), मकिता ३७०९ (५३० वॅट) ही नेहमी दिसणारी नावे. मकिताच्या आरटी०७००सी या ७१० वॅटच्या यंत्राला १०,००० ते ३०,००० असा बदलता वेग आहे. ट्रिमरची मोटर सरळ नळकांड्यासारखी असते, त्यामुळे तिला पकडणे सोपे. ६५ मि.मी. व्यासाच्या मोटरसाठी तयार ॲल्युमिनियम लिफ्ट (मोटर धरून वर-खाली करणारे सांगाडे) मिळतात आणि ३७०९ च्या धर्तीवर बनलेले बरेचसे स्वस्त ट्रिमर त्यात बसतात. तरीही लिफ्ट मागवण्याआधी आपल्या मोटरचा व्यास कॅलिपरने मोजा. अर्धा मि.मी. कमी भरला तर पकड ढिली राहते आणि मोटर हळूहळू खाली सरकते.

दुसरी मधली जात. ९०० ते १४०० वॅट, कोलेट ८ मि.मी.पर्यंत, वेग बहुधा बदलता. बॉश जीओएफ १३० हे याचे उदाहरण: १३०० वॅट, ११,००० ते २८,००० फेरे. हातातल्या कामाला ही जात फार चांगली. टेबलाखालीही साठ-सत्तर टक्के कामे ती निभावते. अडते ते मोठ्या बिटांपाशी, कारण ती बहुतेक १२ किंवा १२.७ मि.मी. शँकमध्येच (बिटाच्या दांडीतच) येतात.

तिसरी मोठी जात. १६०० वॅटच्या वर, १२ किंवा १२.७ मि.मी. कोलेट. यात पुन्हा दोन पोटजाती पडतात आणि घेणाऱ्याची फसगत इथेच होते. मकिता एम३६०० सारखे यंत्र १६५० वॅटचे, दणकट, पण वेग एकच, २२,०००. मकिता आरपी२३०१एफसी (२१०० वॅट, ९,००० ते २२,०००) किंवा हिकोकी एम१२व्ही२ (२००० वॅट) यांना वेग कमी करायची सोय आहे. दोन्ही पोटजाती बाहेरून सारख्याच दिसतात, किमतीत मात्र मोठा फरक असतो.

यंत्र फक्त टेबलासाठी घ्यायचे असेल तर बदलत्या वेगाचे मोठे यंत्र घ्यावे. तेवढे बजेट नसेल तर एकाच वेगाचे मोठे यंत्रही चालेल, मात्र त्यावर २५ मि.मी.पेक्षा मोठे बिट लावायचे नाही, हे घेतानाच पक्के करावे. यंत्र हातातही वापरायचे असेल आणि शटरचे काम नसेल तर मधली जात बरी. ट्रिमर आधीच घरी असेल तर त्याच्यासाठी ४०० × ५०० मि.मी.चे छोटे टेबल करून बघायला हरकत नाही. टेबलासाठी म्हणून नवा ट्रिमर विकत घेऊ नये.

कोलेट: सूत आणि मिलिमीटरचा घोळ

आपल्याकडे सुतार सुतात बोलतो, यंत्र मिलिमीटरमध्ये येते आणि बिट कधी यात तर कधी त्यात. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे दोन सुती शँक ६.३५ मि.मी.ची आणि चार सुती १२.७ मि.मी.ची. दुकानदार दोन सुतीला ‘सहा’ आणि चार सुतीला ‘बारा’ म्हणून मोकळा होतो.

६.३५ चे बिट ६ मि.मी.च्या कोलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे त्यातून अपघात होत नाही. धोका उलट बाजूने आहे. ६ मि.मी.चे बिट ६.३५ च्या कोलेटमध्ये सहज जाते आणि नट आवळला की घट्ट बसल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात कोलेटच्या फाका शँकला पूर्ण लांबीवर न धरता टोकाशीच धरतात. काम सुरू झाले की बिट कणाकणाने वर सरकते आणि ६ मि.मी. खोल ठरवलेली खोबण शेवटाला ८ मि.मी. होते. नशीब वाईट असेल तर बिट सुटून उडते. १२ आणि १२.७ चेही तसेच. शँक कॅलिपरने मोजल्याशिवाय कोलेटमध्ये घालू नये.

जाड शँकचा आग्रह कशासाठी, हे आकड्यांत बघा. गोल दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. १२.७ ची शँक ६.३५ पेक्षा दुप्पट जाड, म्हणून सोळापट ताठ. ८ मि.मी.ची शँक ६.३५ पेक्षा सुमारे अडीचपट ताठ. टेबलावर बिट बरेचदा लांब बाहेर काढलेले असते आणि लाकूड बाजूने रेटले जाते. तिथे बारीक शँक थरथरते, कडेवर बारीक लाटा उमटतात आणि पॉलिश केल्यावर त्या जास्तच दिसतात.

१२.७ च्या यंत्रात लहान बिट लावायला खाच असलेली रिड्युसर नळी मिळते. गोलाई आणि खोबणी यांच्या लहान बिटांना ती चालते. पण त्या मापाची वेगळी कोलेट त्याच कंपनीची मिळत असेल तर तीच घ्या. नळीमुळे एक जोड वाढतो आणि प्रत्येक जोडात थोडी वाकड असते. यंत्र घेताना डब्यात कोणत्या मापाच्या कोलेट आहेत आणि बाकीच्या सुट्या मिळतात का, हे बिलाआधी विचारा. ८ मि.मी. शँकची बिट आपल्या नेहमीच्या दुकानात असतात का, हेही तेव्हाच बघा. यंत्र हाताशी आणि बिट नाहीत, अशी अवस्था होते.

नट वर येतो का

हे दुकानात दोन मिनिटांत तपासता येते, तरी कोणी तपासत नाही. राऊटर उलटा धरा. प्लंज, म्हणजे मोटर खांबांवर वर-खाली सरकवायची सोय, पूर्ण दाबून मोटर बेसच्या दिशेने जाईल तेवढी न्या आणि लॉक करा. आता बेसच्या पृष्ठभागापासून कोलेटचा नट किती बाहेर येतो ते पट्टीने मोजा. बेसवरची काळी प्लास्टिक चकती टेबलाला लावताना काढून टाकायची असते, त्यामुळे तिच्या जाडीइतके माप फुकट मिळते. राऊटर ज्या प्लेटला लावून टेबलात बसवायचा, तिची जाडी त्यातून वजा करा. नटाचे षटकोनी अंग पूर्ण वर आले तर उत्तम. निम्मे वर आले तर वाकड्या तोंडाच्या पान्याने काम होते.

अजिबात वर येत नसेल तरी यंत्र लगेच नाकारायला नको. प्लेट स्क्रूने पक्की न करता टेबलाच्या खाचेत नुसती बसवली तर बिट बदलायला प्लेटसकट राऊटर वर उचलून टेबलावर आडवा ठेवता येतो. स्वस्तातला आणि भरवशाचा उपाय हाच. रोज दहा वेळा बिट बदलणाऱ्याला तो जाच होईल, सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्याला नाही. कोलेट लांब करणारी एक्स्टेन्शन नळीही मिळते. तिच्यामुळे बिट बेअरिंगपासून आणखी दूर जाते आणि डोलते. २५ मि.मी.च्या वरच्या बिटाला ती लावू नका.

हातातल्या कामात सोयीचे असलेले स्पिंडल लॉकचे, म्हणजे शाफ्ट अडवून धरणारे, बटण टेबलावर उलट त्रास देते. एका हाताने खाली बटण दाबायचे आणि दुसऱ्याने वर पाना फिरवायचा. शाफ्टला दुसरा पाना लागणारे यंत्र असेल आणि ती जागाही टेबलाच्या वर येत असेल, तर दोन्ही पाने वरूनच फिरतात. बटण नसलेले यंत्र त्यापायी कमी दर्जाचे समजू नये.

उंची

प्लंज राऊटरच्या खांबांत स्प्रिंग असतात. त्या मोटरला बेसपासून दूर ढकलतात. हातात काम करताना त्या वजन पेलतात. उलटे टांगल्यावर मात्र स्प्रिंग आणि यंत्राचे वजन एकाच दिशेला, म्हणजे खाली ओढतात. पाच किलोचे यंत्र वर उचलताना मग दहा किलोचे वाटते आणि अर्ध्या मि.मी.चा फरक हाताने साधणे अशक्य होते.

म्हणून यंत्र निवडतानाच बघा: खांबाच्या टोकाची टोपी किंवा स्क्रू काढून स्प्रिंग बाहेर येतात का? बऱ्याच यंत्रांत येतात. स्प्रिंग दाबलेली असते, टोपी सुटताच ती उडते, म्हणून मोटर खांबांवर पूर्ण मोकळी सोडून, तोंड बाजूला ठेवून आणि चष्मा घालून ती काढावी. काढलेल्या स्प्रिंग यंत्राच्याच डब्यात जपून ठेवाव्या. एका खांबात स्प्रिंग आणि दुसरा पोकळ, अशीही रचना असते. यंत्र उघडल्याने वॉरंटी जाईल का, ते विचारून घ्या.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे खोलीची मर्यादा ठरवणारा गज. तो मोटरच्या बाजूच्या भोकातून खांबांना समांतर जातो. हा गज काढून त्याच जागी एम८ किंवा एम१० चा आटे पाडलेला गज घालता येतो. त्याचे एक टोक बेसवर दोन नटांमध्ये पक्के धरायचे, दुसरे टोक मोटरच्या भोकातून खाली काढायचे आणि तिथे वॉशर घालून मोठा नट किंवा मूठ लावायची. मूठ फिरवली की मोटर वर सरकते. एम१० चे आटे १.५ मि.मी. अंतरावर असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्यात १.५ मि.मी. आणि पाव फेऱ्यात ०.३७ मि.मी. एम८ ला पूर्ण फेऱ्यात १.२५ मि.मी. एवढे बारीक नियंत्रण घरच्या कामाला पुरून उरते. मोटरचे वजन सतत नटावर असल्याने आट्यांमधली ढिलाईही जाणवत नाही. यासाठी भोक आरपार आणि सरळ हवे, निदान ८ मि.मी.चा गज जाईल एवढे हवे आणि खाली मूठ फिरवायला मोटरच्या अंगाची अडचण नको. काही यंत्रांत हा गज चौकोनी किंवा दातेरी असतो, तिथे हा उपाय बसत नाही.

गाडीचा जुना कात्री जॅक मोटरखाली ठेवणेही लोकप्रिय आहे. चालते, पण एक लक्षात ठेवा. जॅक खाली बसलेला असताना एका फेऱ्यात तो जास्त उचलतो आणि वर गेल्यावर कमी. त्यामुळे फेरे मोजून उंची ठरवता येत नाही, प्रत्येक वेळी पट्टी लावावी लागते. जॅकचा माथा मोटरच्या हवेच्या जाळीवर टेकणार नाही, याचीही काळजी घ्या.

उंची लावल्यावर प्लंजचा खटका आवळायचाच. कंपनाने गजावरचा नट सैल होतो आणि मोटर थोडी थोडी उतरते. खटका प्लास्टिकचा आणि लांब असला तर टेबलाखालून एका हाताने पोचतो का, ते दुकानातच उलटे धरून बघा.

टेबलासाठीच आखलेले यंत्र म्हणून परदेशात ट्रायटन टीआरए००१ प्रसिद्ध आहे. २४०० वॅट, बेसमधूनच हँडल घालून वरून उंची लावता येते, मोटर पूर्ण वर आणली की शाफ्ट आपोआप लॉक होतो आणि स्विच बंद असल्याशिवाय ती तिथवर येऊच शकत नाही. अमेरिकेत बॉश १६१७ईव्हीएसच्या स्थिर बेसला वरून ॲलन कीने उंची लावता येते. पुण्या-मुंबईत ही सहज दिसत नाहीत, पण लंडन किंवा न्यू जर्सीत टेबल बांधणाऱ्या मराठी माणसाने वर सांगितलेल्या गजाच्या खटपटीत पडू नये.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून यंत्र मागवायचा विचार मात्र सोडा. तिकडचे यंत्र १२० व्होल्टचे. इथल्या २३० व्होल्टवर ते काही सेकंदांत जळते. १५ अँपिअरच्या यंत्राला निदान २ केव्हीएचा, खरे तर त्याहून मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि तो राऊटरपेक्षा जड असेल. ब्रिटनमधून आणायचे तर पाटीवर २३० किंवा २४० व्होल्ट लिहिलेले आहे ना ते पाहा, कारण तिथे बांधकामाच्या जागी वापरायची ११० व्होल्टची यंत्रेही विकली जातात.

वेग

बिटाच्या कडेचा वेग काढायचे गणित सोपे आहे: व्यास मिलिमीटरमध्ये, गुणिले मिनिटाचे फेरे, गुणिले ३.१४, भागिले ६०,०००. उत्तर मीटर प्रति सेकंदात येते. ६ मि.मी.चे बिट २२,००० फेऱ्यांना जेमतेम ७ मीटर. ५० मि.मी.चे बिट त्याच फेऱ्यांना ५७ मीटरच्या वर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे. ८० मि.मी.चे पॅनेल बिट (फळीला उतार देणारे) २२,००० ला चालवले तर ९२ मीटर. एवढ्या वेगाला कार्बाइडची पाती जोडावरून सुटू शकते. तेच बिट १२,००० ला लावले की वेग ५० मीटरवर येतो.

व्यवहारात हे आकडे पाळा: २५ मि.मी.पर्यंतच्या बिटाला २२ ते २४ हजार, २५ ते ५० ला १६ ते १८ हजार, ५० ते ६५ ला १४ ते १६ हजार आणि त्यापुढे १० ते १२ हजार. बिटावर कमाल फेरे कोरलेले असतील तर तो आकडा शेवटचा. यंत्राचा सर्वांत कमी वेग १०,००० किंवा त्याखाली असेल तर पॅनेल बिटाची चिंता मिटली.

एकाच वेगाच्या यंत्राला पंख्याचा रेग्युलेटर जोडायची कल्पना अनेकांना सुचते. तो रेग्युलेटर शे-दीडशे वॅटच्या आत काम करायला बनवलेला असतो, १६०० वॅटला जळतो. जास्त वॅटचे बाहेरचे स्पीड कंट्रोलर मिळतात आणि साध्या ब्रशच्या मोटरवर ते चालतातही. पण लाकूड लागले की वेग आणखी पडतो, तो सावरायची सोय त्यांच्यात नसते. यंत्रात स्वतःचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर बाहेरचा कंट्रोलर लावायचाच नाही, दोन्ही बिघडतात.

वेगासोबत सॉफ्ट स्टार्ट (मोटर हळूहळू वेग घेत सुरू होणे) आहे का बघा. नसेल तर मोठी मोटर सुरू होताना जोराचा झटका बसतो, प्लेट खाचेत हलते आणि कधीकधी एमसीबी पडतो.

वीज आणि स्विच

१६५० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ७.२ अँपिअर घेते, २१०० वॅटचे ९ च्या वर. घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर ते लावू नये. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा आणि एक्स्टेन्शन लागलीच तर निदान १.५ चौ. मि.मी.ची वायर, दहा मीटरच्या पुढे २.५ ची. बारीक वायरवर व्होल्टेज पडते, मोटर तापते आणि दोष यंत्राला लागतो.

दाबून धरायचा स्विच असलेल्या यंत्राला लॉकचे बटण हवेच. स्विचला चिकटपट्टी गुंडाळून तो कायम चालू ठेवायचा आणि भिंतीवरच्या बटणाने यंत्र चालू-बंद करायचे, हे जागोजागी दिसते. लोडशेडिंगमध्ये वीज गेली, तुम्ही बिट बदलायला नट सैल केला आणि वीज परत आली, तर काय होईल ते सांगायला नको. टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याने किंवा मांडीने दाबता येईल असा मोठ्या लाल टोपीचा नो-व्होल्ट स्विच लावा. वीज गेली की तो स्वतः सुटतो आणि पुन्हा हिरवे बटण दाबल्याशिवाय सुरू होत नाही. काही यंत्रांत हे संरक्षण आतच असते, पण ती बाहेरच्या स्विचने सुरू होत नाहीत. अशा यंत्राचा मूळ स्विच टेबलाखाली हाताला लागला पाहिजे. बिट बदलताना प्लग काढायचा, हे या दोन्ही बाबतींत आलेच.

बेस आणि प्लेट

प्लेटला राऊटर ज्या स्क्रूंनी धरायचा ती भोके बेसमध्ये आधीच असतात, तीन किंवा चार, बहुधा प्लास्टिक चकतीचीच. ती एम४ ची असतील आणि यंत्र पाच किलोचे असेल तर मन धजत नाही. एम५, एम६ बरे. चकतीच नमुना म्हणून वापरून प्लेटवर भोके पाडा.

बेसचे मधले छिद्र मोजायला विसरू नका. कित्येक प्लंज यंत्रांत ते ३५ ते ४० मि.मी.चेच असते. म्हणजे ५० मि.मी.चे बिट प्लेटच्या वर राहील, पण खाली उतरवता येणार नाही, आणि कमी खोलीचे पहिले कट घ्यायला नेमके तेच लागते.

प्लेट ६ मि.मी. ॲल्युमिनियमची किंवा ८ ते १० मि.मी. हायलमची (राळेत दाबलेल्या थरांचा कडक पत्रा). हायलम इलेक्ट्रिक पॅनेलच्या सामानात मिळते आणि करवतीने कापता येते. ॲक्रिलिक दिसायला छान, पण जड यंत्राखाली काही महिन्यांत मध्ये झोल धरते आणि मग खोबण कडेला खोल, मध्ये उथळ येते. थेट १८ मि.मी. प्लायला राऊटर लावला तर प्लंजच्या साधारण ६० मि.मी. चालीतले १८ मि.मी. तिथेच गेले.

दुकानातली तपासणी

पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे यंत्र हातात घेऊन बघता येते. ऑनलाइन दोन-चारशे रुपये वाचवण्यापेक्षा ते बरे. सोबत स्टीलची पट्टी, कॅलिपर आणि एक नवे, सरळ बिट न्या.

१. बिट लावून शाफ्ट बोटाने बाजूला हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे.

२. शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. खरखर नको. डायल गेज मिळाला तर कोलेटजवळ शँकवर टेकवून शँक किती डोलते ते बघा: ०.०५ मि.मी.च्या आत उत्तम, ०.१ च्या पुढे दुसरा नग मागा.

३. प्लंज दहा वेळा वर-खाली करा, एकदा फक्त एका मुठीने. अडकत असेल तर गजाने उचलताना तो जास्तच अडकेल.

४. लॉक करून मोटर जोराने दाबा. सरकली तर सोडून द्या.

५. चालू करून सर्व वेगांवर ऐका. ब्रशपाशी थोडी निळी ठिणगी चालते, गोल फिरणारी मोठी पिवळी ठिणगी नाही.

६. कार्बन ब्रश बाहेरच्या टोपीतून बदलता येतात का आणि ब्रश, आर्मेचर, कोलेट सुटे मिळतात का, ते विचारा. स्वस्त यंत्राची कोलेट गेली आणि सुटी मिळाली नाही, तर अख्खे यंत्र भंगारात जाते.

जुने यंत्र घेत असाल तर कोलेट खोलून आत बघा. आतून चकचकीत रेघा किंवा तपकिरी डाग दिसले तर बिट त्यात घसरलेले आहे.

लावल्यानंतर

बिट कोलेटमध्ये तळापर्यंत घालून २-३ मि.मी. वर ओढा, मग आवळा. तळाला टेकवून आवळले तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पकड अपुरी राहते. बिट नसताना कोलेट आवळू नका, ती आक्रसते.

एका वेळी ट्रिमरवर दीड-दोन मि.मी., मधल्या यंत्रावर ३, मोठ्यावर ५ मि.मी. एवढाच कट. सागवानात सिलिका असते आणि प्लायमध्ये डिंकाचे थर, त्यामुळे एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) बिट लवकर बोथट होतात. कार्बाइडचीच घ्या. लाकूड काळे पडले तर वेग फार, रेटणे फार हळू किंवा बिट बोथट, यांपैकी काहीतरी एक.

यंत्र उलटे असल्याने वरून पाहता बिट घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते. फेन्सला (टेबलावरच्या सरळ आधारपट्टीला) लावून लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचे. उलट दिशेने दिले तर बिट ते हातातून खेचून फेकते आणि बोटे मागोमाग जातात. लाकूड फेन्स आणि बिट यांच्यामध्ये अडकेल असा कट कधीही घ्यायचा नाही.

मोटर टेबलाखालच्या बंद खोक्यात कोंडू नका. पंखा मोटरच्या मागच्या टोकाने हवा ओढतो आणि ते टोक आता खाली, भुशाच्या ढिगाऱ्यात आहे. खोक्याला त्या बाजूने निदान १०० मि.मी.चे छिद्र ठेवा, व्हॅक्युमची नळी फेन्सच्या मागे लावा आणि काम संपले की ब्लोअरने मोटरच्या जाळ्या मोकळ्या करा. पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर राऊटर प्लेटला धरणारे सगळे स्क्रू पुन्हा आवळून बघा. निदान एक तरी सैल झालेला सापडेल. त्याला स्प्रिंग वॉशर किंवा निळे लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावा.